रस्ते झाले, मुक्कामाचे काय?

दिवाळीच्या मागेपुढे परभणीहून गंगाखेडकडे, पाथरीकडे किंवा जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन प्रकारची कुटुंबे प्रवासाला निघालेली दिसतात. पहिले कुटुंब शिक्षकाचे, कारकुनाचे किंवा बँकेतील नोकरदाराचे असते. मुलांची सहामाही परीक्षा आटोपलेली असते. हप्त्यावर घेतलेल्या मोटारीत सतरंज्या, पाण्याचा कॅन, स्टोव्ह, फराळाचे डबे आणि अलीकडे एखादा घडीचा तंबूही असतो. दुसरे कुटुंब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेले असते. त्याच्याजवळ गोधड्यांचे गाठोडे, चार भांडी, झोपडीवर टाकण्याचा प्लास्टिकचा कागद आणि ऊसतोडीचे कोयते असतात. दोन्ही वाहनांतून लहान मुले सारख्याच कुतूहलाने बाहेर पाहात असतात. पहिले कुटुंब चारपाच दिवसांनी घरी परतते. दुसरे चारपाच महिन्यांनी. पहिल्याच्या प्रवासाला सहल म्हणतात, दुसऱ्याच्या प्रवासाला तोडीवर जाणे.

या दोन प्रवासांतील अंतर फार मोठे आहे आणि ते शब्दांनी झाकण्याचे कारण नाही. तथापि सूर्य मावळतीला आला, की दोन्ही कुटुंबांतील आईपुढे एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला प्यायला चांगले पाणी कोठे मिळेल, मुलीला आडोसा कोठे मिळेल आणि रात्री निर्धास्तपणे पाठ टेकता येईल अशी जागा कोणती? परभणी जिल्ह्यातील रस्ते गेल्या काही वर्षांत रुंद झाले, काही काँक्रीटचे झाले. या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या रस्त्यांवर अजून सापडत नाही.

कोप आणि तंबू

लहान मुलांना घेऊन रस्त्याने जावे, उघड्यावर मुक्काम करावा, चूल मांडून स्वयंपाक करावा, ही कल्पना परदेशातून आली असे अनेकांना वाटते. सुखवस्तू लोकांचा हा नवा छंद, असेही म्हटले जाते. तंबूची घडी नवी असेल. रीत नवी नाही. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या मुलखात मार्गशीर्षातील अमावस्येला वेळा अमावस्या साजरी होते. लोक तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पांडवांची पूजा मांडतात आणि भज्जी, आंबील, उंडे यांचे जेवण सारे कुटुंब शेतातच करते. घरातील लेकरांपासून आजीपर्यंत सर्वजण दिवसभर उघड्या आभाळाखाली असतात. ज्याला शेत नाही त्यालाही हाक मारून बोलावले जाते. सहल हा शब्द न वापरता केलेली ही सहलच आहे.

यात्रांचेही तेच. मोटारी आल्या नव्हत्या तेव्हा बैलगाडीला ताडपत्री किंवा तट्ट्या बांधून कुटुंबे देवाला निघत. नदीकाठी गाड्या सोडल्या जात, बैलांपुढे कडबा टाकला जात असे, बाया तीन दगडांची चूल मांडत आणि मुले गाडीखाली झोपत. पोखर्णीचा नृसिंह असो, गंगाखेडचा गोदाकाठ असो किंवा परभणीत दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी भरणारा हजरत तुराबुल हक यांचा उरूस असो, तेथे जाणारी माणसे केवळ दर्शनाला गेली नाहीत. मुलांना जग दाखवायलाही ती गेली. गंगाखेडच्या जनाबाईची कथाही अशाच एका प्रवासापासून सुरू होते. लहानपणी वडिलांबरोबर ती पंढरपूरला गेली आणि नामदेवांच्या घरी राहिली, असे परंपरा सांगते. सातशे वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गरीब मुलीच्या आयुष्याला वळण लागले ते एका वाटचालीमुळे. लहान वयातील प्रवास क्षुल्लक नसतो, याची या जिल्ह्याला तरी वेगळी साक्ष नको.

बारवांचा धडा

त्या काळी रस्ते वाईट होते, यात शंका नाही. पण रस्त्याच्या जोडीला मुक्कामाचा विचार होता. एका दिवसात बैल किती चालेल आणि लेकुरवाळी बाई किती चालेल, हे पाहून टप्पे ठरत. टप्प्यावर पार असे, विहीर असे, धर्मशाळा किंवा मुसाफिरखाना असे. परभणी जिल्ह्यातील बारवा या विचाराचाच दगडी पुरावा आहेत. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील प्राचीन मंदिरांजवळची बारव, किंवा सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची बारव पाहिली म्हणजे ही गोष्ट ध्यानात येते. बारवेत पाणी होते, तसाच गारवा होता, बसायला पायरी होती आणि थकल्याभागल्या माणसाला घटकाभर सावली होती. तिच्यावर पैसा खर्च करणाऱ्याने वाटसरूची जात किंवा गाव विचारले नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. पाण्यावरची शिवाशिव हा त्या काळाचा कलंक आहे आणि तो विसरून बारवांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण वाटेवर पाणी व सावली निर्माण करणे हे समाजाचे काम आहे, एवढे तत्त्व तेव्हा मान्य होते.

अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्या याच तत्त्वाने. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी ते तत्त्व अधिक शुद्ध केले. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र ते कोठे तरी उघड्यावर झोपले. देवळे बांधण्यात त्यांना रस नव्हता. देवाला आलेल्या माणसाची रात्र नीट जावी, एवढीच त्यांची चिंता होती. धर्मशाळा ही धर्माची पायरी आहे, हे त्यांनी खराट्याच्या साक्षीने सांगितले.

आजची स्थिती उलट आहे. कल्याणहून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणीवरून जातो. अंतर कापण्याचा वेळ कमी झाला आहे. पण मधल्या टप्प्याचा विचार कोणाच्याच आराखड्यात दिसत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हाही आधी रस्ता धावू लागला आणि स्वच्छतागृहे व विसाव्याच्या जागा मागे राहिल्या, ही तक्रार राज्यभर ऐकू आली. रस्ता म्हणजे केवळ दोन गावांना जोडणारी पट्टी, ही समजूत यामागे आहे. वस्तुतः रस्ता माणसांसाठी असतो, आणि माणसांत दर दोन तासांनी थांबावे लागणारी चार वर्षांची मुलेही असतात.

घरच्या अंगणातील भूगोल

जिल्ह्यात पाहण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. तो विचारणारे बहुधा परभणीचेच असतात. मुलांना घेऊन महाबळेश्वरला किंवा गोव्याला जाण्याची तयारी वर्षभर करणाऱ्या घरातील मुलाने चारठाण्याचे नाव ऐकलेले नसते. सरकारी नोकरांच्या रजा प्रवास सवलतीत 'स्वग्राम' आणि 'महाराष्ट्र दर्शन' असे दोन शब्द आहेत. त्या दोहोंच्या मध्ये आपला स्वतःचा जिल्हा राहून जातो, आणि त्याच्यासाठी कोणत्याही सवलतीची गरजही नसते.

परभणीहून सुमारे ४० किलोमीटरवर जिंतूर. तेथून जवळच नेमगिरीच्या डोंगरातील जैन लेणी आणि तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती. पुढे पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेले येलदरी धरण आणि त्याचे जलविद्युत केंद्र. जालन्याच्या रस्त्यावर चारठाणा. दुसऱ्या दिशेला गोदावरीच्या काठाने गेले, तर पाथरी तालुक्यात नदीपात्रातील मुद्गलेश्वर, गंगाखेड तालुक्यात धारासूरचे शिल्पसमृद्ध गुप्तेश्वर मंदिर आणि पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रातील जांभूळबेट. परभणीतच १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. २०१३ पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. तीन दिवस आणि दोन रात्री एवढ्यात ही सारी यादी पुरी होणार नाही. यापैकी निम्मी जरी झाली, तरी पाचवी-सहावीतील मुलाला पाठ्यपुस्तकातील अनेक धडे डोळ्यांनी पाहता येतील.

बेट म्हणजे चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग, ही व्याख्या वर्गात पन्नास वेळा घोकून घेतली जाते. जांभूळबेटावर होडीतून उतरलेल्या मुलाला ती पुन्हा घोकावी लागत नाही. पाणी उंचावरून पडले की जनित्र फिरते, हे फळ्यावर काढून दाखविणे अवघड असते. येलदरीच्या भिंतीखाली उभे राहिल्यावर ते सोपे होते. आपल्या ओट्यावर पडलेली काळी माती कोठून आली, ती भेगाळते का, कापूस तिच्यात का येतो, हे विद्यापीठाच्या शिवारात कळते. मुलांना सर्वांत अधिक शिकविते ती मात्र रात्र. वीज नसलेल्या माळावर आकाश पाहिलेल्या मुलाला कृत्तिका आणि मृग ओळखायला शिकविण्यास दहा मिनिटे पुरतात. शहरातील गच्चीवर तेच काम वर्षभरात होत नाही.

कुटुंबाच्या दृष्टीनेही अशा प्रवासाचे मोल वेगळे आहे. घरात वडील वर्तमानपत्रात, आई स्वयंपाकघरात आणि मुले दूरध्वनीच्या पडद्यात असतात. मुक्कामावर काटक्या गोळा करणे, पाणी आणणे, तंबूचे खुंटे ठोकणे, भांडी घासणे ही कामे वाटून घ्यावी लागतात. तेथे आईलाच एकटीला चुलीशी बसविले, तर ती सहल इतरांची होते. तिची होत नाही. मुक्कामाचा हा धडा मुलग्यांनी शिकण्यासारखा आहे आणि त्यांच्या वडिलांनी त्यांच्याआधी.

सावधगिरी हीही शिस्तच

याचा अर्थ उत्साहाच्या भरात मुलांना घेऊन कोठेही उतरावे, असा नाही. परभणीचा उन्हाळा मुलांच्या मुक्कामाचा काळ नव्हे. मे महिन्याच्या सुटीत येथे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि तंबू ही भट्टी होते. योग्य काळ दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. त्यातही थंडीच्या लाटेत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत किमान तापमान पाच अंशांखाली गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून जमिनीवर गवताचा थर, त्यावर जाड अंथरूण आणि मुलांना कानटोपी एवढी तजवीज हवीच. लहान मुले बरोबर असतील तर दोन तासांहून लांब पल्ला घेऊ नये, दिवस मावळण्याच्या एक तास आधी मुक्काम गाठावा, आणि प्यायचे पाणी घरून न्यावे अथवा उकळून घ्यावे.

पाण्याच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. ढालेगाव, मुद्गल, डिग्रस, मुळी येथील बंधाऱ्यांमुळे गोदावरीचे पात्र पूर्वीसारखे उथळ राहिलेले नाही. जुन्या माणसांच्या आठवणीतील वाळवंट पुष्कळ ठिकाणी खोल पाण्याखाली आहे. धरणाच्या खालच्या अंगाला पाणी सोडले जाते, तेव्हा नदी काही वेळातच चढते. त्यामुळे नदीच्या पात्रात तंबू ठोकणे किंवा जलाशयात मुलांना पोहायला सोडणे, हे साहस नसून बेजबाबदारपणा आहे. पिकांच्या फणकटात, दगडांच्या राशीजवळ अंथरूण टाकू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या मुलखात आढळतात. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे. या गोष्टी मुलांना सांगितल्याने ती भितात असा अनुभव नाही. उलट त्यांना आपल्यावर काही जबाबदारी आहे असे वाटते.

थांबायचे कोठे?

कुटुंबाने एवढी सारी काळजी घेतली तरी एक गोष्ट त्याच्या हाती नसते. ती म्हणजे थांबण्याची जागा. लेण्यांपाशी पिण्याचे पाणी असेलच याची खात्री नाही. स्वच्छतागृह असले तर त्याला कुलूप असते. कुलूप नसले तर पाणी नसते. पेट्रोल पंपावर पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य उपलब्ध असावे असा दंडक आहे. परंतु किल्ली कोणाकडे आहे हे विचारीत फिरण्याचा संकोच स्त्रियांनाच सोसावा लागतो. कित्येक घरांतील मोठ्या मुली प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सहलीच्या आनंदाची ही किंमत कोणत्याही हिशेबात लिहिली जात नाही.

सरकारी विश्रामगृहे आहेत. तालुक्याच्या गावी आहेत, पाटबंधाऱ्यांच्या जागीही आहेत. पण साहेबांचा दौरा आणि पुढाऱ्यांची बैठक यांतून उरलेली खोली सामान्य शिक्षकाला मिळेल अशी आशा फारसे कोणी बाळगत नाही. देवस्थानांची भक्तनिवासे हा त्यातल्या त्यात मोठा आधार. तो मोठ्या देवस्थानांपुरता. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. धोरणे चांगली आहेत. मात्र त्यांचा रोख पैसे मोजून खोली किंवा फिरते घर घेणाऱ्या प्रवाशाकडे अधिक आहे. एस.टी.च्या अर्ध्या तिकिटात मुलाला बसवून निघालेल्या कारकुनाला त्यांत स्वतःची जागा शोधावी लागते. महिलांना मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि पुष्कळ घरांतील प्रवासाचा खर्च आवाक्यात आला. जाणे स्वस्त झाले. राहणे जेथल्या तेथे राहिले.

या बाबतीत जगाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये सायकलवरून फिरून तंबूत राहणाऱ्यांनी १९०१ मध्ये आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तो थोड्या हौशी लोकांचा खेळ होता. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि चित्र पालटले. कारखान्यात राबणारी कुटुंबे सायकली आणि तंबू घेऊन समुद्राकडे निघाली. त्यांतील कितीकांनी समुद्र प्रथमच पाहिला. पुढे तेथील नगरपालिकांनी गावोगावी साधे मुक्कामतळ बांधले, ज्यांत पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे, झाडांची सावली आणि एक राखणदार याहून अधिक काही नसे. महागडी विश्रांतिगृहे ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यासाठी ते तळ होते. विश्रांती हा श्रमाचा हक्क आहे हे एकदा मान्य केले, की त्या हक्काला उतरण्यासाठी जागाही द्यावी लागते.

कोपीतली मुले

आणि येथेच ट्रॉलीतल्या कुटुंबाकडे पुन्हा वळावे लागते. येळवशीला शेतात उभारतात ती कोप आणि साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजूर राहतात ती कोपी, हे एकाच घरातील शब्द आहेत. पहिलीत एक दिवसाचा उत्सव असतो. दुसरीत सारा हंगाम. पहाटे, किंबहुना मध्यरात्रीनंतर, नवराबायको फडात जातात. हिशेबात त्या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांची मोजणीही जेथे एका हत्याराने होते, तेथे त्यांच्या मुलांची मोजणी कोण करणार? मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, भाकरी करते. तिचाही मुक्काम उघड्यावरच असतो, तिलाही चांदण्या दिसतात. पण तिला त्यांची नावे सांगायला कोणी मोकळे नसते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा असे प्रयोग झाले. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना जाहीर झाली. या प्रयत्नांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र वसतिगृहात राहण्याचे वय न झालेली मुले आईबापांबरोबरच जातात. आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरची त्यांची रात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी राहते, मुले तिच्या खालीवर झोपतात आणि शेजारून अवजड वाहने धावत असतात. हौसेने तंबूत झोपलेले मूल आणि नाइलाजाने ट्रॉलीखाली झोपलेले मूल यांच्यात निसर्ग भेद करीत नाही. थंडी दोघांना सारखीच लागते.

सहलीला निघालेल्या पालकाने आपल्या मुलाला हे दाखवावे काय? दाखवावे, बोट दाखवून नव्हे. पुढच्या पारावर थांबून, समोरच्या ट्रॉलीतली मुले कोठे निघाली आहेत आणि दिवाळीनंतर त्यांच्या शाळेतील जागा रिकामी का राहणार आहे, हे समजावून सांगावे. जिल्हा पाहणे याचा अर्थ जिल्ह्यातील मंदिरे पाहणे एवढाच होत नाही.

आक्षेप आणि उत्तर

ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकर लागतात, तेथे सहलीच्या सोयींवर पैसा खर्च करणे शोभते काय, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप गंभीर आहे. परंतु रस्त्यावर पाण्याचा नळ, आडोसा आणि सावली ही सहलीची चैन मानणेच चुकीचे आहे. त्यांचा उपयोग वारकऱ्याला होतो, बाजाराला निघालेल्या म्हातारीला होतो, रुग्णाला घेऊन जाणाऱ्या नातेवाइकाला होतो आणि तोडीवर निघालेल्या कुटुंबाला सर्वांत अधिक होतो. सहलीचे कुटुंब हा त्या सोयीचा केवळ एक, आणि तोही बोलू शकणारा, लाभार्थी आहे. त्याने स्वतःसाठी मागितले तर इतरांचेही काम होईल.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आणि दुर्दैवाने अधिक खरा आहे. लोक आले म्हणजे घाण येते. जांभूळबेटासारख्या नाजूक जागी कर्णे वाजले, प्लास्टिकच्या पत्रावळ्या पडल्या, झाडांच्या फांद्या जळणाला गेल्या, तर मोर राहणार नाहीत आणि बेटाला गेलेल्या मुलांनाही काही मिळणार नाही. प्राचीन मंदिराच्या खांबावर स्वतःचे नाव कोरणारा तरुण अडाणी नसतो. त्याला लिहिता येते हेच त्याच्या अपराधाचे साधन असते. यावर उपाय लोकांना येऊ न देणे हा नाही. लहानपणी ज्याने मुक्कामाची जागा झाडून मगच गाडीत पाय ठेवला, तो मोठेपणी खांबावर नाव कोरणार नाही. गाडगेबाबांचा खराटा वर्गातील भिंतीवरच्या चित्रात ठेवण्यापेक्षा मोटारीच्या डिकीत ठेवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

काय करता येईल?

अशक्य असे काहीच नाही, हे दाखविण्यासाठी दूर जावे लागत नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी याच जिल्ह्यातून जाते. परभणी, दैठणा, गंगाखेड असे तिचे टप्पे आहेत. कोणत्या दिवशी कोठे दुपार आणि कोठे रात्र, हे आधी ठरलेले असते. गावे रस्ते झाडतात, पाणी भरून ठेवतात, शाळा उघडून देतात, पिठले-भाकरी करतात, आणि पालखी गेल्यावर जागा पुन्हा स्वच्छ होते. जे गाव एका रात्रीसाठी एवढे करू शकते, त्याला वर्षभरासाठी एक साधा मुक्कामतळ चालविता येणार नाही असे कोण म्हणेल?

जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात मुख्य रस्त्यालगत एक, असे नऊ तळ आरंभाला पुरे होतील. अर्धा एकर गायरान किंवा शासकीय जागा, कडुनिंबाची व चिंचेची झाडे, पिण्याच्या पाण्याची टाकी, स्त्रियांसाठी स्वतंत्र व पाणी असलेले स्वच्छतागृह, एक मोठी पत्र्याची पडवी, दिवा, आणि रात्री हजर असणारा राखणदार. भव्य प्रवेशद्वार नको, उद्घाटनाची कोनशिलाही नसली तरी चालेल. जागा ग्रामपंचायतीने द्यावी, उभारणी जिल्हा परिषदेने करावी आणि निगा गावातील महिला बचत गटाकडे असावी. मोटारीने येणाऱ्याकडून रात्रीचे माफक शुल्क घ्यावे, पायी, एस.टी.ने किंवा ट्रॉलीने आलेल्याकडून काहीही घेऊ नये. हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस हे तळ तोडीच्या कुटुंबांसाठी राखून ठेवावेत आणि तेथे शिक्षण व आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनी बसावे. कोणते मूल कोठे चालले आहे याची नोंद आणि राहिलेली लस, ही दोन्ही कामे तेथे एका रात्रीत होतील. आज त्याच कामांसाठी कर्मचाऱ्यांना फडाफडांतून हिंडावे लागते.

शाळांनाही आपला वाटा उचलता येईल. दिवाळीच्या सुटीचा गृहपाठ म्हणून पंचवीस निबंध लिहून घेण्यापेक्षा आपल्या तालुक्यातील एक बारव पाहून तिच्या पायऱ्या मोजून या, असे सांगितले तर मुलांबरोबर पालकही घराबाहेर पडतील. वालूरची गाळाने बुजलेली बारव गावकऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत श्रमदानाने मोकळी केली. एका गावाने जे केले ते पाहायला दहा गावांची मुले गेली, तर अकराव्या गावातील बारवेचाही गाळ निघेल.

बारव खणणाऱ्या अनाम माणसांना मोटार ठाऊक नव्हती, काँक्रीटचा रस्ता ठाऊक नव्हता. वाटेने माणसे येतील, त्यांना तहान लागेल आणि त्यांच्या कडेवर लेकरे असतील, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्या एवढ्याशा माहितीवर त्यांनी शेकडो वर्षे टिकणारे काम केले. आजच्या नियोजनाजवळ नकाशे आहेत, आकडे आहेत, यंत्रे आहेत. कडेवरच्या लेकराची आठवण तेवढी त्यात घालावयाची राहिली आहे.